४. घोडा जी५ आला की काय खेळावं? ट्रॅक्सलर की डी५? (दोन घोड्यांचा बचाव)

एफसातचा_रखवालदार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण आता सहन होत नाहीये.

बुद्धिबळात मी काळ्याकडून ई४ ला ई५ च खेळतो आणि उंट सी४ आला की घोडा एफ६. म्हणजे १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६, हाच दोन घोड्यांचा बचाव. इथपर्यंत झोपेतही खेळेन. पण ४. घोडा जी५ आला की पोटात गोळा येतो. परवाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धेत पुन्हा तेच झालं. मी डी५, त्याने प्यादं मारलं, आणि मी सवयीने घोड्यानेच डी५ परत मारलं. हात सोंगटीवरून निघाला त्या क्षणी कळलं, पण तोवर उशीर झाला होता. त्याने घोडा एफ७ वर आपटला, राजाने तो घेतला, वजीर एफ३ शह, राजा ई६. माझा राजा सातव्या चालीला पटाच्या मधोमध, त्याच्या घड्याळात चौदा मिनिटं आणि माझ्या सहा. तेविसाव्या चालीला मात.

आता ठरवलंय की एक लाईन, म्हणजे ठरलेल्या चालींची मालिका, नीट बसवायची. एका मित्राने सांगितलं की डी५ च्या भानगडीत पडूच नको, सरळ ४...उंट सी५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) खेळ, म्हणजे ट्रॅक्सलर, एफ७ मारू दे त्याला. थोडं बघितलं, भारी वाटलं, पण भीतीही वाटते. तुमचं मत काय? क्लासिकलला, म्हणजे भरपूर वेळाच्या डावाला, चालेल का?

काळाउंट

डोळे मिटून ट्रॅक्सलर खेळा. मी सहा वर्षं खेळतोय आणि माझे सगळ्यात सुंदर डाव यातलेच आहेत.

समोरचा घोडा जी५ का खेळतो? त्याला एफ७ दिसतंय म्हणून. तुम्ही उंट सी५ खेळता आणि म्हणता घे एफ७. त्याने घोड्याने घेतलं, तुमचा वजीर आणि हत्ती दोन्ही फोर्कमध्ये (एकाच सोंगटीचा दोघांवर मारा), आणि तुम्ही शांतपणे उंट एफ२ वर मारता, शह! आता राजाने उंट खाल्ला तर घोडा ई४ मारून शह, राजा जी१ ला गेला की वजीर एच४ आणि पुढच्या चालीला एफ२ वर मात. त्याला जी३ करावंच लागतं, तुम्ही घोड्याने जी३ पण मारता. सोंगट्यांचा हिशोब बघितला तर काळा बुडालेला, पण पांढऱ्याला प्रत्येक चाल एकुलती एक शोधावी लागते. दोघंही अचूक खेळले तर हे बरोबरीत सुटतं, पण पटावर घड्याळ टिकटिकत असताना कोण अचूक खेळतो?

आणि राजाने उंट न खाता एफ१ ला गेला तर वजीर ई७, तो हत्ती एच८ ला खातो, तुम्ही डी५. एक पूर्ण हत्ती मागे आहात, पण त्याचा घोडा एच८ च्या कोपऱ्यात अडकलाय, राजा एफ१ वर, एच१ चा हत्ती बंद. प्याद्याने डी५ मारलं की घोडा डी४. मला तरी काळ्याकडून खेळायला आवडेल.

ज्याच्या नावाने ही लाईन आहे त्या ट्रॅक्सलरचा १८९० चा डाव जरूर लावून बघा. पांढऱ्याने सहाव्या चालीला राजा ई२ ला नेला, ट्रॅक्सलरने वजीर देऊन टाकला, राजाला हाकत हाकत ए५ पर्यंत नेलं आणि सतराव्या चालीला सी५ च्या साध्या प्याद्याने मात केली. माणूस धर्मगुरू होता, बुद्धिबळाच्या समस्या रचायचा, आणि त्या डावातही समस्या रचणाऱ्याची नजर दिसते.

शांतचाल

काळाउंट, तुमचा उत्साह समजतो, डाव सुंदर आहे यात वाद नाही. पण तुम्ही जे सगळं लिहिलंत ते घोड्याने एफ७ मारलं तरच. उंटाने मारलं तर? ५. उंट घे एफ७, शह. त्याबद्दल एक ओळ नाही तुमच्या प्रतिसादात.

धागाकर्त्यांना मुद्दाम सांगतो, ट्रॅक्सलरची खरी परीक्षा इथेच आहे. उंट एफ७ शह, राजा ई७, आणि उंट मागे बी३ ला (किंवा डी५ ला). आता बघा पटावर काय उरलं. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त, काळ्याचं कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) गेलं, राजा स्वतःच्याच वजिराच्या आणि उंटाच्या वाटेत. एफ२ वरचा हल्ला नाही, मात करण्याची धमकी नाही, काही नाही. पांढरा कॅसल करतो, सी३ आणि डी४ ची तयारी करतो. माझ्यासारखा शांत खेळणारा माणूस हे पांढऱ्याकडून दिवसभर खेळेल.

काळाउंट

"काही नाही" हे बरोबर नाही. राजा ई७ नंतर हत्ती एफ८ ला येतो, एफ कॉलम अर्धी मोकळी आहे, मग डी६, वजीर ई८, आणि तिथून वजीर जी६ किंवा एच५ ला. सी५ चा उंट एफ२ कडे बघतोच आहे. घोडा डी५ शह आला तर राजा डी८ ला सरकतो आणि तिथे तो दिसतो तितका वाईट नसतो. एक प्यादं मागे आहे मान्य, पण खेळ आहे. मी या पोझिशनमधून पुष्कळ डाव जिंकलोय.

शांतचाल

ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांचे डाव) की क्लासिकलमध्ये?

काळाउंट

जास्त करून ब्लिट्झ आणि रॅपिड. क्लासिकलमध्ये तीनदा खेळलो, त्यात एकदा समोरच्याने उंटाने मारलं आणि तो डाव हरलो, खोटं कशाला बोलू.

पटवेडी

मी थोडं वेगळ्या बाजूने बोलते. प्यादं जाण्याचं एवढं दुःख करू नका दोघंही, कारण ४. घोडा जी५ नंतर काळ्याचं प्यादं जातंच, ट्रॅक्सलर खेळा नाहीतर डी५ खेळा. बघायचं ते एवढंच की त्या प्याद्याच्या बदल्यात हातात काय आलं.

मुख्य लाईन घ्या. ४...डी५ ५. प्याद्याने डी५ मारलं, आता घोड्याने परत मारायचं नाही, घोडा ए५. पांढरा उंट बी५ शह देतो, सी६, प्याद्याने सी६ मारलं, बी प्याद्याने परत घेतलं, उंट ई२ ला परत, एच६ ने घोड्याला हाकललं, घोडा एफ३, ई४ ने पुन्हा हाकललं, घोडा ई५, आणि उंट डी६ ने तिसऱ्यांदा धक्का.

आता एक काम करा, पट समोर ठेवा आणि पांढऱ्याने केलेल्या दहा चाली मोजा. एकाच घोड्याच्या चार, एकाच उंटाच्या तीन, आणि एका प्याद्याच्या तीन (ई४, मग डी५, मग सी६, जिथे ते मेलं). दहा चाली झाल्या आणि पांढऱ्याची वजिराकडची एकही सोंगटी घरातून बाहेर नाही, डी प्यादंसुद्धा जागेवर! मी पहिल्यांदा हे बोटांवर मोजलं तेव्हा मला ही लाईन समजली, त्याआधी नुसती पाठ होती.

पुढे पांढरा बहुतेक डी४ करतो, काळा एनपासांने (दोन घरं पुढे आलेलं प्यादं बाजूच्या प्याद्याने) मारतो, घोडा डी३ ला येतो, वजीर सी७, आणि आता वजीर आणि उंट दोघांची नजर एच२ वर. काळ्याचा ए५ चा घोडा कडेला आहे आणि ए आणि सी प्यादी सुटी पडलीत, हे दुखणं राहतंच, पण पुढच्या आठदहा चाली काळा ठरवतो काय होणार ते.

ट्रॅक्सलरमध्ये उंटाने एफ७ मारल्यावर असं मोजून बघा. पांढऱ्याने फार वेळ घालवलेला नाही आणि काळ्याने मात्र राजा हलवलाय. मला त्या प्याद्याच्या बदल्यात काही मिळालेलं दिसत नाही, समोरच्याला लाईन माहीत नसेल ही आशा सोडली तर.

शांतचाल

+१. हे मी तीन प्रतिसादांत सांगू शकलो नसतो.

नवशिक्या_दोन

मध्येच विचारतो माफ करा. ४...घोड्याने ई४ मारलं तर? एफ७ मारलं तर वजीर एच४ आहे की.

शांतचाल

नाही चालत. ५. घोड्याने एफ७ मारलं तर वजीर एच४ खरंच जोरदार आहे, आणि घोड्याने ई४ मारलं तर डी५ चा फोर्क, तिथे काळा मजेत. पण पांढरा उंटाने एफ७ मारून शह देतो, राजा ई७, आणि डी४. तुमचा राजा बाहेर, मध्य उघडतोय. ट्रॅक्सलरच्या वाईट बाजूचाच प्रकार, आणि एफ२ वरची धमकी तर मुळातच नाही.

पत्राने_खेळणारा

मी पूर्वी पोस्टाने डाव खेळायचो, एका चालीला पंधरा पंधरा दिवस लागायचे, त्यामुळे या लाईनशी जुनी ओळख आहे. सगळ्यांचं लक्ष घोडा ए५ कडे आहे म्हणून दुसऱ्या दोन उत्तरांबद्दल लिहितो, कारण ट्रॅक्सलरची आवड असणाऱ्या माणसाला ती जास्त मानवतील असं मला वाटतं.

५...बी५ (उल्वेस्टॅड) आणि ५...घोडा डी४ (फ्रिट्झ). दिसायला दोन वेगळ्या पण पुष्कळदा एकाच पोझिशनला जाऊन मिळतात. बी५ वर बघणाऱ्याला वाटतं की फुकटचं प्यादं आहे, उंटाने मारावं. मारलं तर वजीर डी५ ला येतो आणि एकाच वेळी बी५ चा उंट आणि जी२ चं प्यादं दोन्ही धरतो. म्हणून पांढऱ्याची सगळ्यात चांगली चाल आहे ६. उंट एफ१! सहाव्या चालीला उंट घरी परत. विचित्र दिसते पण कारण साधं आहे, जी२ राखलं गेलं, आता वजीर डी५ ला आलाच तर घोडा सी३ ने त्याला धक्का मिळतो. मी पहिल्यांदा ही चाल पोस्टकार्डावर वाचली तेव्हा वाटलं समोरच्याची लिहायची चूक झाली.

मग घोडा डी४, सी३, घोड्याने डी५ मारलं, आणि इथे फाटा फुटतो. पांढऱ्याने डी४ चा घोडा खाल्ला तर वजीर जी५ चा घोडा खातो, उंट बी५ शह, राजा डी८. पांढऱ्याने घोडा ई४ ला मागे घेतला तर वजीर एच४, घोडा जी३, उंट जी४, एफ३, आणि आता ई४!! दोन दोन सोंगट्या माऱ्यात ठेवून प्यादं पुढे. हा डाव एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर, पत्राने खेळली जाणारी पाचवी जागतिक स्पर्धा, १९६५ ते १९६८. बर्लिनर काळ्याकडून जिंकला आणि त्या स्पर्धेचा विजेताही तोच. एस्ट्रिन हा काही नवखा नव्हता, दोन घोड्यांच्या बचावातला नाणावलेला जाणकार होता, आणि त्याला त्याच्याच अंगणात जाऊन हरवलं. अजूनही तो डाव पट मांडून हाताने खेळतो मी, स्क्रीनवर नाही.

काळाउंट

हे मी कधी मनापासून बघितलंच नव्हतं. ई४ ही चाल बघून अंगावर काटा आला. आज रात्री बसतो.

एफसातचा_रखवालदार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पटवेडी ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पट मांडून चाली मोजल्या. चार तीन तीन. खरंच.

दोन प्रश्न. एक, माझा जो डाव हरला त्यात घोड्याने डी५ मारणं खरंच हरणारी चाल आहे का की मी नंतर वाईट खेळलो? दोन, घोडा ए५ खेळलो आणि पांढऱ्याने आठव्या चालीला उंट ई२ न करता दुसरं काही केलं तर?

शांतचाल

पहिल्याचं उत्तर मी देतो. राजा ई६ नंतर घोडा सी३ येतो, डी५ वर तिसरा मारा. तुम्ही सी६ चा घोडा बी४ ला आणून डी५ राखता आणि सी२ ला धमकी देता. पांढरा वजीर ई४ करू शकतो, म्हणजे सी२ पण राखलं आणि डी५ वरचा दाबही राहिला, मग सी६, ए३, घोडा ए६, डी४ आणि मध्य उघडायला लागतो. एकेक चाल शोधत काळा काही काळ तग धरतो, पण तसं खेळायला दगडाचं काळीज पाहिजे. शिवाय सहाव्या चालीला लगेच एफ७ न मारता पांढरा आधी डी४ खेळू शकतो, त्याला लोली म्हणतात, आणि तो मला अजून जास्त त्रासदायक वाटतो. काळ्याने ते डी४ चं प्यादं खाल्लं तर पांढरा कॅसल करतो, मग एफ७ वर घोडा टाकतो, आणि आता ई कॉलम उघडी आहे, राजा ई६ ला आला की हत्ती ई१ वरून शह. तुम्ही नंतर वाईट खेळला असाल किंवा नसाल, पाचव्या चालीलाच स्वतःला त्या विहिरीत ढकललंत. पोलेरियो या जुन्या इटालियन खेळाडूच्या काळापासून, म्हणजे चारशे वर्षांपासून लोक त्यात पडतायत, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

पटवेडी

दुसऱ्याचं मी. आठव्या-नवव्या चालीला तीन गोष्टींची तयारी ठेवा.

उंट ई२ आणि एच६ नंतर कधीकधी घोडा एफ३ ऐवजी एच३ ला जातो. ही जुना जगज्जेता स्टाइनिट्झ याची चाल. त्याने रशियन खेळाडू चिगोरिनबरोबरच्या, तारेने चाली पाठवून झालेल्या सामन्यात खेळून डाव हरला आणि लोकांनी ती टाकून दिली, मग फिशरने १९६३ मध्ये बिस्गायरविरुद्ध खेळून जिंकून दाखवली. तुम्ही उंट सी५ आणि कॅसलिंग करा, एच३ चा घोडा लगेच मारायची घाई करू नका, फिशरविरुद्ध बिस्गायरने तो मारला आणि पांढऱ्याला दोन उंट मिळाले.

उंट डी३. ही गेल्या काही वर्षांत खूप खेळली जाते. बघायला कुरूप, स्वतःचं डी प्यादं स्वतःच अडवलं! पण विचार करा, तुमचं सगळं काम ई४ च्या धक्क्यावर चाललं होतं ना, तोच धक्का बंद झाला, आणि जी५ च्या घोड्याला ई४ चं घर मिळालं. इथे एच६ करण्यापेक्षा मला घोडा डी५ आवडतो, वजिराचा डोळा जी५ वर पडतो. घोडा एफ३ ला गेला की उंट डी६, कॅसलिंग, घोडा एफ४ आणि त्याचा डी३ चा उंट लगेच धोक्यात.

तिसरी, वजीर एफ३. क्लबच्या पातळीवर ही जास्त येते, कारण धमकी ढळढळीत आहे. सी६ वर दोघांचा मारा आणि सी प्याद्याने तो बी५ चा उंट खाता येत नाही, खाल्लं तर ए८ चा हत्ती गेला. याला हत्ती बी८! हत्ती वाटेतून बाजूला झाला, आता बी५ च्या उंटावर खरंच मारा आहे. या चालीला कोलमनचं नाव आहे, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात बंदी असताना त्याने तिचा अभ्यास केला. मी जेव्हा जेव्हा हत्ती बी८ ला ठेवते तेव्हा तो माणूस आठवतोच.

काळाउंट

मी माझं मत थोडं बदलतो. ब्लिट्झमध्ये ट्रॅक्सलर सोडणार नाही, ते मला जमतं आणि आवडतं. पण धागाकर्त्यांना क्लासिकलसाठी घोडा ए५ च सांगेन. आणि ज्याला घोड्याने एफ७ मारलेलं ट्रॅक्सलर खेळायचंय त्याने राजा एफ१ नंतरची मुख्य ओळ तरी पाठ करा: वजीर ई७, घोड्याने एच८, डी५, प्याद्याने डी५, घोडा डी४, आणि आता पांढऱ्याची डी६! प्यादं देऊन वाट मोकळी करतो, वजिराने डी६ मारलं की घोडा एफ७ ने कोपऱ्यातून सुटका आणि वजिरावर मारा, वजीर सी५. हे माहीत नसताना ट्रॅक्सलर खेळणं म्हणजे नुसतं नशीब.

एफसातचा_रखवालदार

धागा वर काढतोय. काल क्लासिकल होता, काळ्याकडून, आणि चौथ्या चालीला घोडा जी५ आला!

या वेळी हात थांबवला. डी५, प्याद्याने मारलं, आणि मी दोन मिनिटं पटाकडे बघत बसलो, चाल माहीत असूनही, फक्त घोडा योग्य तो उचलायचा म्हणून. घोडा ए५. उंट बी५, सी६, मारामारी, आणि आठव्या चालीला त्याने वजीर एफ३ केला. मी हत्ती बी८. त्याने बराच विचार करून सी६ वर उंटाने मारलं, घोड्याने घेतलं, वजिराने घेतलं शह, घोडा डी७. दोन प्यादी मागे. पुढे डी३, उंट ई७, घोडा एफ३, कॅसलिंग, त्याचं कॅसलिंग, हत्ती बी६, वजीर ई४, उंट बी७, वजीर जी४, एफ५, वजीर सी४ शह, राजा एच८. सलग तीन चाली त्याला फक्त वजीरच हलवावा लागला आणि त्याचा बी१ चा घोडा आणि सी१ चा उंट घरातच. मग त्याने घोडा बी१ वरून डी२ ला आणला आणि मी सतराव्या चालीला हत्ती जी६. बी७ चा उंट आणि जी६ चा हत्ती दोघंही जी२ च्या दिशेने. शेवटी मी दोन्ही प्यादी परत मिळवली आणि अडतिसाव्या चालीला बरोबरी झाली. समोरचा माझ्यापेक्षा वरच्या रेटिंगचा होता.

एकच शंका. हत्ती जी६ ऐवजी सतराव्या चालीला ई४ ढकलायचं मनात होतं. ते जास्त जोरात होतं का?

पटवेडी

वा!! फार छान वाटलं वाचून. हत्ती जी६ च आवडली मला. ई४ केलं असतंत तर एफ३ च्या घोड्याला डी४ चं घर आयतं मिळालं असतं आणि तुमच्या उंटाची ए८ ते एच१ ची तिरकी ओळ तुमच्याच प्याद्याने बंद झाली असती. आधी जी२ वर दाब, मग ई४.

डावाच्या सगळ्या चाली टाका इथे, विसाव्या चालीनंतर त्याने काय केलं ते बघायचंय.